वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याचा दाखला आपण सगळ्याजणींनी कधी ना कधी हातात घेतलेला आहे. नाव, आईचं नाव, जात, अक्षरी जन्मतारीख आणि खालच्या बाजूला दोन रकाने : अभ्यासातील प्रगती आणि वर्तणूक. दोन्हीकडे बहुधा ‘चांगली’ एवढाच शब्द असतो. कारकून न बघता लिहितो, आपण न वाचता घडी घालून ठेवतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर एक आई असाच दाखला घेऊन आमच्या गंगापूरच्या केंद्रात आली. वाळूजच्या एका कंपनीत ती ठेकेदाराकडे पॅकिंगचं काम करते. मुलगी नववीत. दाखल्यावर लिहिलं होतं, वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचं कारण : पालकाच्या विनंतीवरून. मी विचारलं, “तुम्ही विनंती केली होती का?” ती म्हणाली, “मी कशाला करू ताई? मला बोलवून घेतलं अन् सही करा म्हणले. तुमची पोरगी सगळा वर्ग बिघडवायली म्हणले. गपचूप न्या, नाही तर दाखल्यावर लाल शेरा मारू म्हणले.”

म्हणजे शाळेने मुलीला काढलं, पण कागदावर काढलं नाही. कागदावर एका चांगल्या वर्तणुकीच्या मुलीला तिच्या आईने स्वतःहून नेलं. या एका ओळीमुळे ही घटना घडलीच नाही. कोणत्याही तपासणीत ती सापडणार नाही, कोणत्याही अहवालात मोजली जाणार नाही. ‘वर्तणुकीमुळे शाळेबाहेर गेलेल्या मुली’ असा रकानाच आपल्याकडे नाही.

तिने काय केलं होतं? एस.टी. स्टँडपासून शाळेपर्यंत रोज मागे येणाऱ्या, त्याच शाळेतल्या दहावीच्या मुलाच्या तोंडावर तिने जेवणाचा स्टीलचा डबा मारला होता. त्याआधी वर्षभर ती तासाला उठून जायची, बाईंना उलट बोलायची, वह्या फाडायची, एकदा शेजारच्या मुलीचे केस धरून तिला बाकावरून खाली पाडलं होतं. मुलगी गुणी होती आणि शाळा दुष्ट होती, अशी सोपी गोष्ट मी सांगणार नाही. ती त्रास देत होती, इतर मुलींना तिची भीती वाटत होती. पण त्या प्रकरणात मुलाला समज देण्यात आली आणि मुलीला दाखला.

तिच्याबरोबर चार दिवस बसल्यावर जे कळलं ते असं. पहाटे पाचला उठून ती भाकरी करते, धाकट्या भावाला तयार करते. आईची रात्रपाळी असली की रात्रभर घर तीच सांभाळते. आणि नववीतली ही मुलगी चौथीचं पुस्तक अक्षराला अक्षर जोडत वाचते. वर्गात मोठ्याने वाचायची पाळी आपल्यावर येणार असं दिसलं की ती दंगा करायची. दंगा केला की बाहेर उभं करायचे, बाहेर उभं केलं की वाचावं लागायचं नाही. आठ वर्षं ती वर्गात बसली आणि हे साधं गणित कोणाच्याही लक्षात आलं नाही. तिला ‘उद्धट’ म्हणणं सोपं होतं.

ती एकटी नाही. २०२३ च्या ‘असर’ सर्वेक्षणात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उताराही सरळ वाचता आला नाही. ही सगळी मुलं माध्यमिक शाळेच्या वर्गात बसून काय करत असतील, याचा विचार करा. काही गप्प बसतात. ज्यांना गप्प बसवत नाही, त्यांच्या ‘वर्तणुकी’चा प्रश्न तयार होतो.

आठवीनंतरचा उघडा दरवाजा

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली, पण काढून टाकण्याची दिली नाही. हा हक्क मात्र सहा ते चौदा वयाचा आहे. नववीचा वर्ग सुरू होतो आणि मुलीच्या डोक्यावरचं कायद्याचं छत्र निघून जातं. शाळेतलं दुपारचं जेवणही आठवीपर्यंतच मिळतं. म्हणजे शरीर बदलतं, घरचं काम वाढतं, रस्त्यावरचे डोळे वाढतात, अभ्यास अवघड होतो, नेमक्या त्या वर्षी सरकार आपला हात काढून घेतं.

मग शाळा एक वाट दाखवते. “सतरा नंबर भरा.” खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्याचा तो अर्ज. तो अर्ज वाईट नाही. आमच्याच केंद्रातल्या तीन बायकांनी संसार आणि कामधंदा सांभाळून सतरा नंबर भरून दहावी केली, त्याचा मला अभिमान आहे. पण तो प्रौढ बाईसाठी दुसरी संधी आहे. चौदा वर्षांच्या, वाचता न येणाऱ्या मुलीला घरी बसवून ‘सतरा नंबर भर’ म्हणणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला नदीकाठी सोडून ‘पलीकडे भेटू’ म्हणणं. शाळेचा निकाल मात्र सुधारतो. नापास होण्याची शक्यता असलेली मुलं नववीतच गळाली की दहावीचा निकाल आपोआप वर जातो, आणि मग शंभर टक्के निकालाचा फलक फाटकावर लागतो. त्या फलकावर आमची मुलगी कुठेच नसते.

मुलाचं सुधारगृह, मुलीचं सासर

वर्तणूक हा शब्द मुलाला आणि मुलीला एकाच मापाने लावला जात नाही, हे आपल्या वाचक मैत्रिणींना नव्याने सांगायला नको. मुलगा दंगा करतो तेव्हा तो ‘व्रात्य’ असतो, ‘वय आहे त्याचं’ असतं. मुलगी तेच करते तेव्हा तिच्या चारित्र्याची चर्चा सुरू होते. मुलगा फारच हाताबाहेर गेला तर त्याला वाळूजला कुठेतरी कामाला लावतात. मुलगी हाताबाहेर गेली तर तिला उजवतात.

त्या आईने दाखला माझ्यासमोर ठेवला आणि पुढचंच वाक्य बोलली, “आता घरी एकटी कशी ठेवू? माझ्या भावाकडून विचारायलेत. पोरगा चांगलाय.” मुलीचं वय पंधराही पूर्ण नव्हतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मराठवाड्यातल्या परभणी आणि बीड जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं. या आकड्यांची कारणं आपण नेहमी सांगतो : गरिबी, हुंडा, ऊसतोडीचं स्थलांतर, असुरक्षितता. त्यात आणखी एक कारण जोडायला हवं : शाळेने हाकललेली मुलगी. शाळा हे मुलीचं लग्न लांबवण्याचं गावाला पटणारं जवळपास एकमेव निमित्त आहे. ‘शिकायली’ म्हटलं की पाहुणे थांबतात. दाखला हातात पडला की ते निमित्त संपतं. हेडमास्तरांनी सही केली तेव्हा त्यांच्या मते त्यांनी फक्त एका वर्गाची शिस्त राखली. प्रत्यक्षात त्यांनी एका लग्नाची तारीख जवळ आणली.

आपण बालविवाह थांबवतो. १०९८ ला फोन करतो, ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून त्याची जबाबदारी दाखवून देतो, पोलिसांना घेऊन मांडवात जातो, आईवडिलांकडून हमीपत्र लिहून घेतो. मी स्वतः हे केलं आहे आणि पुन्हा करीन. पण दुसऱ्या दिवशी ती मुलगी जाते कुठे? ज्या शाळेने तिला नको म्हटलं, तिथे? की ज्या घरात आता सगळे तिच्यावर चिडलेले आहेत, तिथे? हमीपत्र लग्न थांबवतं. मुलीला दिवसाचे सहा तास कुठे बसायचं हे ते सांगत नाही.

गुन्हा केला तर माणूस मिळतो

मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं. क्षेत्रकार्याच्या वेळी मी निरीक्षणगृह पाहिलं. लोक त्याला अजून रिमांड होमच म्हणतात. तिथली एक गोष्ट तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार एखाद्या मुलाने कायदा मोडला, की त्याच्यासाठी परिविक्षा अधिकारी सामाजिक तपासणी अहवाल तयार करतो. घर कसं आहे, आईवडील काय करतात, शाळा का सुटली, मुलगा असा का वागला, हे सगळं विचारलं जातं. समुपदेशन होतं. म्हणजे जे प्रश्न शाळेने दोन वर्षं आधी विचारायला हवे होते, ते सरकार विचारतं, पण गुन्हा घडल्यावर. आपल्या राज्यात त्रास देणाऱ्या मुलाला समजून घेणारा पगारी माणूस हवा असेल, तर त्याने आधी कोणाचं तरी डोकं फोडायला हवं.

आणि मुली सहसा कोणाचं डोकं फोडत नाहीत. त्या स्वतःच्या हातावर कर्कटकाने ओरखडे काढतात, जेवण सोडतात, पळून जातात. त्यामुळे त्यांच्या वाट्याला परिविक्षा अधिकारीही येत नाही. पळून गेली तर बाल कल्याण समिती आणि मुलींचं बालगृह. तिथेही कुलूप असतं.

शाळेत समुपदेशक हवा हे आता कोणी अमान्य करत नाही. विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं, की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. राज्य शासनाने २०२२ साली शाळाशाळांत ‘सखी सावित्री’ समित्या नेमायला सांगितलं आणि २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर त्यांची पुन्हा आठवण काढली. समित्या हव्यात, आदेशही हवेत. पण समिती महिन्याने बसते आणि मुलगी रोज सकाळी उठते. तिला रोज भेटणारं माणूस हवं, आणि त्या माणसाला तिच्यासाठी वेळ हवा.

काय हवं ते नीट सांगू

आमची मागणी स्पष्ट आहे. गंगापूर तालुक्यात जिल्हा परिषदेने नववी-दहावीची एक छोटी शाळा चालवावी. वर्तणुकीमुळे ज्यांना इतर शाळा सांभाळू शकत नाहीत, किंवा सांभाळायला तयार नाहीत, अशा मुलामुलींसाठी. एकूण चाळीसच्या वर मुलं नकोत, एका वर्गात पंधराच्या वर नकोत. वाचायला-लिहायला पहिल्यापासून शिकवू शकेल असा एक तरी शिक्षक हवा. पूर्ण वेळ समुपदेशक हवी आणि घरी जाऊन बसणारी एक कार्यकर्ती हवी. दुपारचं जेवण हवं. कान, डोळे, अध्ययन अक्षमता यांची तपासणी हवी, आणि त्यासाठी मजूर आईला रोज बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालायला लागू नयेत. अध्ययन अक्षमता २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात आली आहे आणि दहावीच्या परीक्षेत तिच्यासाठी सवलतीही आहेत. पण खेड्यातल्या किती मुलींना त्याचं प्रमाणपत्र मिळतं? निदान न झालेल्या मुलीला प्रमाणपत्र मिळत नाही, तिला शेरा मिळतो.

हे अशक्य नाही, आणि मराठवाड्यात तर मुळीच नाही. उरलेल्या महाराष्ट्रात हायस्कुलं बहुतेक खासगी संस्थांच्या हातात आहेत. आपल्याकडे निजामाच्या काळातल्या सरकारी हायस्कुलांचा वारसा आहे, म्हणून जिल्हा परिषदेच्या प्रशाला आहेत. म्हणजे दहावीपर्यंतची सार्वजनिक शाळा चालवायची यंत्रणा, शिक्षक आणि इमारती आपल्याकडे आधीपासून आहेत. खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा मोफत पास आहे, त्या येऊ शकतात. शाळाबाह्य मुलींसाठी वेगळी सरकारी शाळा ही कल्पनाही नवी नाही. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं २००४ पासून देशात आहेत. पण ती गरीब आणि मागास वर्गांतल्या मुलीला डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहेत. सरकारला गरीब मुलगी समजते. रागावलेली मुलगी समजत नाही.

आक्षेप आणि उत्तरं

शिक्षक म्हणतात, “ताई, वर्गात साठ-साठ मुलं, वरून निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरा, आणि त्यात ही एक वर्ग उधळणारी. आम्ही काय करायचं?” हा आक्षेप खरा आहे. मी त्या शिक्षिकेच्या जागी असते तर मीही कदाचित तिला बाहेर उभं केलं असतं. म्हणून तर आम्ही फक्त शिक्षकांना उपदेश करत नाही, दुसरी जागा मागतो. शिक्षक संघटनांनी या मागणीत आमच्या शेजारी उभं राहायला हवं.

दुसरा आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. अशी वेगळी शाळा म्हणजे ‘बिघडलेल्यांची शाळा’ असा शिक्का नाही का बसणार? सगळ्या शाळा आपली नकोशी मुलं तिथे ढकलून मोकळ्या नाही का होणार? होऊ शकतं. अमेरिकेत अशा सार्वजनिक पर्यायी शाळा जुन्या आहेत. कॅलिफोर्नियात त्यांची सुरुवात १९१९ ची आहे. त्यांतल्या काहींनी मुलांना खरोखर उभं केलं. काही मात्र काळ्या आणि गरीब मुलांना साठवून ठेवायची कोठारं झाल्या. न्यूयॉर्क शहरात १९६० च्या दशकापासून गरोदर विद्यार्थिनींसाठी वेगळ्या सरकारी शाळा होत्या. तिथला अभ्यास इतका पातळ झाला होता की २००७ साली शहराने त्या बंद केल्या. वेगळी जागा दिली आणि दर्जा दिला नाही, की ती जागा म्हणजे मागचं दार होतं.

म्हणून आमच्या अटीही मागणीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. मुलीचं नाव जुन्या शाळेच्या पटावर राहिलं पाहिजे, म्हणजे तिची जबाबदारी कोणाला झटकता येणार नाही. मुलीची स्वतःची संमती हवी, फक्त पालकाची सही नव्हे. प्रत्येक सत्राच्या शेवटी तिच्यासमोर बसून विचारायचं : परत जायचंय का? अभ्यासक्रम तोच आणि परीक्षा तीच. शिवणकाम आणि मेंदी शिकवून बोळवण करायची नाही. निम्म्या जागा मुलींसाठी राखीव हव्यात. नाही तर मुलगे जास्त आवाज करतात म्हणून सगळ्या जागा त्यांनाच मिळतील आणि मुली पुन्हा मांडवात. आणि कोणती शाळा किती मुलं पाठवते ते दर वर्षी जाहीर व्हायला हवं. जी शाळा जास्त पाठवेल, तिच्याकडे बोट दाखवता आलं पाहिजे.

जिला हे सगळं स्वप्नरंजन वाटतं, तिला लडाखचं उदाहरण सांगते. १९८८ साली सोनम वांगचुक आणि त्यांच्या साथींनी तिथे संस्था काढली आणि पुढे दहावीत नापास झालेल्यांसाठी लेहजवळ शाळेचा परिसर उभा केला. नापास असणं हीच प्रवेशाची पात्रता. ती शाळा सरकारी नव्हती, हे खरं. पण नाकारलेल्या मुलांना कोणी तरी ‘तुमच्यासाठीच ही जागा आहे’ म्हटलं की काय होतं, ते तिथे दिसलं.

आपली स्वतःची झडती

शेवटी आपल्याबद्दल. आपण ‘मुलगी शिकली पाहिजे’ हे इतक्या वर्षांत सगळ्यांच्या गळी उतरवलं. आता सरकारच भिंतींवर ते रंगवतं. पण भिंतीवरच्या चित्रातली मुलगी नेहमी दोन वेण्या घातलेली, दप्तर पाठीला लावलेली, हसरी असते. आपल्या शिबिरांतही आपण हुशार, धीट, बोलक्या मुलीला पुढे बसवतो. शिव्या देणारी, मारणारी, खोटं बोलणारी मुलगी आपल्यालाही जड जाते. गेल्या पावसाळ्यात आमच्या किशोरी शिबिरातून मी स्वतः एका मुलीला दुपारीच घरी पाठवलं, कारण ती सत्र चालू देत नव्हती. सही घेतली नाही एवढंच. फरक फारसा नव्हता.

आपला इतिहास मात्र वेगळं सांगतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं ते कोणासाठी? समाजाने ज्यांना घरात आणि शाळेत कुठेच जागा ठेवली नव्हती, त्या विधवांसाठी. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये, अवघी चौदा वर्षांची असताना, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात तिने धर्माला आणि पेशवाईला सरळ जाब विचारला होता. आज एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीने वर्गात उभं राहून तसं बोललं, तर तिच्या दाखल्यावर वर्तणुकीपुढे काय लिहितील? रागाला भाषा मिळाली की निबंध होतो. नाही मिळाली की डबा फेकला जातो. भाषा देणं हे शाळेचं काम आहे.

त्या आईच्या मुलीचं लग्न तूर्त थांबलं आहे. रोज दुपारी दोन तास ती आमच्या केंद्रात येते, वाचते, कधी न सांगता निघून जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. सातवीचं पुस्तक आता तिला अडखळत का होईना वाचता येतं. केंद्र म्हणजे शाळा नव्हे, आणि माझे दोन तास म्हणजे तिचा हक्क नव्हे. आई दर आठवड्याला विचारते, “ताई, कुठवर थांबायचं?” तिच्या भावाने अजून दुसरी मुलगी पाहिलेली नाही.

या त्रैमासिकाच्या वाचक मैत्रिणींना दोनच कामं सांगते. आपापल्या तालुक्यात गेल्या तीन वर्षांत नववी-दहावीतून ‘पालकाच्या विनंतीवरून’ बाहेर पडलेल्या मुलींची यादी करा. घरोघरी जाऊन विचारा, विनंती खरोखर कोणी केली होती. आणि ती यादी हातात घेऊन आपापल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात जाऊया. त्यांच्या कागदांवर या सगळ्या मुलींची वर्तणूक चांगलीच आहे. मग त्यांना शाळा का नाही, एवढंच विचारायचं आहे.